वेताळाची अट

लहानपणी जिवाभावाने वाचलेले पुस्तक मोठेपणी पुन्हा हाती घेणे, हे काम दिसते तितके निर्धोक नाही. ज्या वाड्याला शंभर दालने होती असे आपण मनाशी धरून चाललेलो असतो, तो वाडा दोन खोल्यांचा निघण्याचा संभव असतो. म्हणून पुष्कळ शहाणी माणसे अशा पुस्तकांना दुरूनच नमस्कार करतात. परंतु काही थोडी पुस्तके अशीही असतात की, वाचणारा वाढला म्हणजे तीही त्याच्याबरोबर वाढतात. आम्ही येथे अशाच एका मालिकेविषयी चार शब्द लिहिणार आहोत. ती मालिका म्हणजे 'चांदोबा' मासिकातील विक्रम-वेताळाच्या अद्‌भुत कथा.

ज्या मंडपात अर्थकारणावर आणि तत्त्वज्ञानावर व्याख्याने होतात, तेथे ही भुताखेतांची बडबड कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, या गोष्टी भुताच्या नाहीतच. भूत हे तेथे केवळ प्रश्न विचारण्यापुरते आहे. गोष्टी आहेत न्यायाच्या. आणि त्यांच्या मुळाशी एक अट आहे. ती अट काय आहे, कोठून आली आणि आज ती आपल्याला काय सांगते, एवढेच या लेखाचे प्रयोजन.

प्रथम 'चांदोबा'ची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र व्हायला महिना उरला असताना, मद्रासेस बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघा मित्रांनी तेलुगूत 'चंदमामा' आणि तमिळमध्ये 'अंबुलिमामा' अशी मुलांची मासिके काढली. पुढे 'पाताळभैरवी' (१९५१) आणि 'मायाबाजार' (१९५७) हे गाजलेले चित्रपट काढणारे निर्माते ते हेच. हळूहळू त्या मासिकाच्या इतर भाषांत आवृत्त्या निघत गेल्या, आणि १९५२ साली मराठी 'चांदोबा' अवतरला. मजकूर ज्याच्या त्याच्या भाषेत, पण चित्रे सगळीकडे तीच, अशी योजना होती. त्यामुळे सोलापूरच्या पोराने आणि गुंटूरच्या पोराने, एकमेकांची भाषा न कळताही, एकच राजा आणि एकच स्मशान डोळ्यांपुढे ठेवून बालपण काढले. आमच्यासारख्या ज्यांचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले, त्यांच्या दृष्टीने तर हे मासिक म्हणजे मागच्या दाराने उघडलेली शाळाच होती.

आता कथेचा साचा पाहू. मध्यरात्रीची वेळ आहे. राजा विक्रम झाडावर लटकणारे प्रेत खाली उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाकडे चालू लागतो. प्रेतात वस्तीला असलेला वेताळ बोलू लागतो. तो राजाच्या कष्टांची कीव करतो, त्याच्या हेतूविषयी शंका काढतो आणि मग श्रमपरिहारासाठी म्हणून एक गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की प्रश्न: अमक्याने असे का केले? दोघांत खरा थोर कोण? दोष कोणाचा? प्रश्नाला जोडून अट अशी की, उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. राजा उत्तर देतो. त्याने तोंड उघडल्यामुळे मौन मोडते, आणि वेताळ प्रेतासह उडून पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. राजा माघारी वळतो.

मुलाला यात गोष्ट पुढल्या महिन्यात चालू ठेवण्याची युक्ती दिसते, आणि युक्ती ती आहेच. पण त्या युक्तीची घडण नीट न्याहाळली तर तिच्यात तीन वाटा दिसतात. उत्तर ठाऊक आहे आणि राजा बोलला, तर आतापर्यंतचे श्रम वाया जातात. उत्तर ठाऊक आहे आणि तो बोलला नाही, तर प्राण जातो. उत्तर खरोखरच ठाऊक नाही, तर मात्र गप्प राहण्यास काही प्रत्यवाय नाही. म्हणजे वेताळ अज्ञानाला शिक्षा करीत नाही, आणि ज्ञानाला बक्षीसही देत नाही. तो शिक्षा करतो ती फक्त जाणूनबुजून पाळलेल्या मौनाला. साहित्यातल्या दुसऱ्या कोणत्या भुताने इतका काटेकोर कायदा केला असेल असे आम्हाला वाटत नाही.

कामगार संघटनेच्या कामात आमची बरीच वर्षे गेली, म्हणून या अटीकडे आमचे लक्ष विशेष वेधले गेले असेल. कारखान्यात एखाद्याचा हात यंत्रात जातो. चौकशी बसते. यंत्राचा गार्ड कोणी काढायला लावला होता, हे पाळीवरच्या दहाही जणांना ठाऊक असते. आणि दहाही जण सांगतात, आम्हाला काही माहीत नाही. त्यांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढेही वेताळाच्याच वाटा असतात. जो बोलेल त्याची बदली होते, बढती थांबते, आणि वर्षानुवर्षे जमवलेले सारे पुन्हा झाडाला जाऊन लटकते. जो बोलणार नाही त्याचे डोके वरून शाबूत दिसते, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याची शकले झाल्याचे त्याचे त्यालाच कळते. वेताळाने मुलांना खोटा दिलासा दिला नाही, ही आम्हाला या मालिकेची मोठी थोरवी वाटते. खरे बोललास तर राज्य मिळेल, असे तो सांगत नाही. खरे बोललास तर पुन्हा पहिल्यापासून चालावे लागेल, एवढेच तो सांगतो.

ही अट 'चांदोबा'ने निर्माण केलेली नव्हे. तिचा माग काढीत गेले की आपण एकदम आपल्याच अंगणात येऊन पोचतो. काश्मीरच्या सोमदेव पंडिताने अकराव्या शतकात, राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी, 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नाही. तो आहे गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा त्रिविक्रमसेन. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी माकडाने ते फळ फोडले असता आतून रत्न निघते. आणि त्या रत्नांच्या उपकाराची फेड म्हणून राजा स्मशानातून प्रेत आणून देण्याचे कबूल करतो. कश्मीरात लिहिलेली, मद्रासेत छापलेली आणि पैठणात घडलेली अशी ही गोष्ट मराठी मुलापुढे आली, तेव्हा ती फिरून घरीच आली होती, असे म्हणायला हरकत नाही.

याहूनही नवलाची कथा सोमदेवाने ग्रंथारंभी दिली आहे. तो म्हणतो की हा सारा कथासागर मूळचा गुणाढ्याचा. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री. राजाला व्याकरण किती वर्षांत शिकविता येईल यावर त्याने पैज घेतली. तो म्हणाला सहा वर्षे. शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. शर्ववर्म्याने ते करून दाखविले, आणि पैजेप्रमाणे गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून मौन पत्करावे लागले. तो विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे पिशाचांची पैशाची भाषा शिकला, आणि त्या भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा त्याने लिहिली. राजाने ती भाषा हलकी म्हणून ग्रंथ परत पाठविला. तेव्हा गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि ज्वाळेत टाकावे, असा क्रम धरला. हरणे चरणे विसरून ऐकत उभी राहिली, आणि राजाच्या ताटात वाळलेले मांस येऊ लागले. कारण शोधीत राजा तेथे पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख तेवढा वाचला.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु वेताळाच्या अटीशेजारी ती ठेवून पाहावी. ज्याच्या तोंडच्या तिन्ही भाषा गेल्या, त्याने चौथी शिकून बोलणे चालू ठेवले. दरबाराला ती नको होती म्हणून ती कमी ठरली नाही. ज्ञान पोटात घेऊन गप्प बसायचे नाही, हा या कथांच्या घराण्याचाच कुळाचार दिसतो.

आता मालिकेचा शेवट. मुलांच्या मासिकात तो कधी आला नाही; मूळच्या पंचवीस गोष्टी पुरेनात, म्हणून देशोदेशीच्या कथा त्या साच्यात बसवून शेकडो नव्या गोष्टी घडविल्या गेल्या, आणि वेताळ दर महिन्याला उडतच राहिला. सोमदेवाकडे मात्र शेवट आहे. शेवटच्या प्रश्नात वेताळ विचारतो: बापाने मुलीशी आणि मुलाने आईशी, म्हणजे नात्यांची उलटापालट होऊन, चुकून लग्ने झाली, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते कोणते? राजा विचार करतो आणि गप्प राहतो, कारण त्याला खरोखरच ठाऊक नाही. डोक्याला काही होत नाही. उलट वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा तो कसा घालायचा हे त्यालाच करून दाखवायला सांग. राजा तसे करतो आणि वाचतो. म्हणजे तेवीस वेळा उत्तर देण्याचे धैर्य दाखविणाऱ्या राजाला अखेर तारले ते, ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव न आणण्याने. सभा गाजविणाऱ्या आम्हा पुढारी मंडळींनी हा भाग भिंतीवर लिहून ठेवावा, इतक्या योग्यतेचा आहे.

तथापि पुनर्वाचन म्हणजे केवळ आरती ओवाळणे नव्हे. वीरवराची गोष्ट घ्या. शूद्रक राजाच्या पदरी वीरवर नावाचा एक वीर रोज पाचशे दीनार पगारावर नोकरीस राहतो. एवढा पगार घेऊन हा करतो काय, हे राजा गुप्तपणे पाहतो. एका पावसाळी रात्री वीरवराला कळते की, राजा तीन दिवसांत मरणार. वाचवायचा तर वीरवराने आपल्या मुलाचा चंडिकेला बळी द्यावा. बाप बळी देतो. भावाच्या दुःखाने बहीण मरते, आई चितेत जाते, अखेर वीरवरही स्वतःचे मस्तक अर्पण करतो. आडून पाहणारा राजा आपल्याही गळ्यावर तलवार ठेवतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सर्वांना उठविते. वेताळ विचारतो, यांत सर्वांत थोर कोण? त्रिविक्रमसेन उत्तर देतो, शूद्रक; कारण चाकराने धन्यासाठी प्राण देणे हा चाकरीचाच भाग, पण धन्याने चाकरासाठी प्राण द्यायला निघणे हे दुर्मीळ.

हे उत्तर चतुर आहे, आणि त्याचा अर्धा भाग आम्हाला मान्यही आहे. पण पगाराच्या पुस्तकात नाव कोणाचे होते? वीरवराचे. त्या मुलाचे नव्हते, मुलीचे नव्हते, बायकोचे नव्हते. पाचशे दीनारांत एका माणसाची चाकरी विकत मिळते. त्याचे घरदार त्या सौद्यात येत नाही. मुलाने मान पुढे केली असे कथा सांगते. पण ज्या घरी बापाच्या अन्नदात्याचेच गुणगान ऐकत तो वाढला, तेथे त्याने नाही म्हणावे कसे? शिवाय राजा तलवार उपसतो ती चौघेजण गेल्यावर. एका हाकेत जो अनर्थ थांबला असता तो त्याने आडोशाला उभे राहून पाहिला. आमच्या मते थोरवीचा प्रश्न विचारण्याआधी वेताळाने हा प्रश्न विचारायला हवा होता.

तसेच मंदारवतीचे. तीन तरुण तिच्यावर लुब्ध असतात, ती मरते. एक तिच्या राखेवर झोपून दिवस काढतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेवर नेतो, तिसरा देशोदेश हिंडून संजीवनी मंत्र आणतो आणि ती उठते. ती कोणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बापाच्या जागी, अस्थी नेल्या तो मुलाच्या जागी, आणि राखेला सोडून गेला नाही तो नवरा. निवाडा सुरेख आहे. फक्त जी उठून बसली होती तिला कोणी काही विचारले नाही. असे असूनही या गोष्टी टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. कारण त्यांची रचनाच अशी आहे की राजाचे उत्तर हा शेवट ठरत नाही. प्रेत परत झाडावर जाते. म्हणजे खटला पुन्हा उभा राहतो आणि नव्या वाचकाला त्यात आपली बाजू मांडता येते.

आता वेताळाच्याच रीतीने आम्ही एक प्रश्न विचारतो. 'चांदोबा'तल्या या गोष्टी कोणाच्या? मासिकावर संपादक म्हणून चक्रपाणींचे नाव असे. पण १९५२ पासून १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेलुगू मासिकाचे संपादन प्रत्यक्षात केले ते कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी. ते तेलुगूतले नामांकित कथाकार, विचाराने मार्क्सवादी. आणि वेताळाच्या कितीतरी गोष्टी त्यांच्याच हातून उतरल्या. त्याच मासिकात मांत्रिकांच्या आणि राक्षसांच्या लांबलचक क्रमशः कादंबऱ्या लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम् १९५२ ते २००६ पर्यंत तेथे नोकरीस होते. त्या कादंबऱ्यांवरही त्यांचे नाव छापले जात नसे. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा आपल्या डोळ्यांत ज्यांनी कायमचा बसविला, ते चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०). त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२१ साली, मृत्यूनंतर. आणि दर महिन्याला तो मजकूर आमच्या मराठीत आणणारे, खिळे जुळविणारे, छापणारे, बांधणी करणारे? त्यांची तर यादीच नाही.

उत्तर मंदारवतीच्या निवाड्यातच आहे. सोमदेवाने अस्थी जपल्या. कुटुंबरावांनी आणि शंकरांनी मंत्र घालून जीव दिला. परंतु महिन्यामागून महिना राखेशेजारी मुक्काम करून राहिले ते हे बिननावाचे कारागीर. राजाचा न्याय खरा धरायचा, तर कथेवरचा जवळिकीचा हक्क त्यांचा ठरतो. निर्मात्याचे नाव गेल्याने वस्तू वाईट होत नाही, हे खरे. पण ज्याला ते नाव ठाऊक आहे, त्याने ते उच्चारले पाहिजे. अट तीच आहे.

१९९८ साली कामगार-तंट्यात मासिकाचे प्रकाशन थांबले. पुढल्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मालकी बदलली, आणि २०१३ मध्ये अंक निघणे कायमचे बंद झाले. मासिक गेल्याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. ती करताना, पडद्यामागच्या माणसांच्या पगाराची आणि नावाची चौकशी आपण किती जणांनी कधी केली होती, हेही मनात आणावे.

जुने अंक अजून रद्दीच्या दुकानात, क्वचित ग्रंथालयात आणि आता संगणकावरही सापडतात. घरी मूल असेल तर त्याला ते वाचून दाखवावेत. फक्त एक पथ्य पाळावे: प्रश्न आला की पुस्तक मिटावे, राजाचे उत्तर लगेच वाचू नये, आणि मुलाला विचारावे, तुझे काय म्हणणे? त्याला ठाऊक नसेल तर त्याने तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही. पण ठाऊक असेल तर त्याला बोलू द्यावे, मग ते उत्तर राजाच्या विरुद्ध असो की आपल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ज्याला बोलता आले, त्याला उद्या साहेबासमोर बोलणे तितके जड जाणार नाही. तो बोलला म्हणजे सर्व काही सुरळीत होईल असे नाही. प्रेत बहुधा पुन्हा झाडावरच जाईल. त्याने माघारी वळून ते पुन्हा उतरवायचे, आणि चालू लागायचे.